चढती रेघ

माझा रुग्ण कधी खोकला नाही की कण्हला नाही. त्याला चेहरा नव्हता, गाव नव्हतं, बायको तर नव्हतीच. ठरावीक मापाच्या रक्तात त्याच्या हजार मदतनीस पेशी असायच्या, कारण हजार हा आकडा लिहायला सोपा. मग मी त्याच्या रक्तात एचआयव्हीचे थोडे विषाणू सोडायचे आणि पुढे काय होतं ते संगणकावर बघत बसायचे. पेशी घसरायला लागल्या की मला आनंद व्हायचा. घसरण अपेक्षेप्रमाणे आली म्हणजे माझं समीकरण बरोबर, एवढाच त्याचा अर्थ. तो माणूस मरतोय, हे कधी मनातही यायचं नाही. माणूस होताच कुठे?

मी रियाधमध्ये एका खासगी कॉलेजात मुलींना गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात एचआयव्ही आणि मदतनीस पेशी यांच्या झुंजीची गणितं मांडते. मदतनीस पेशी म्हणजे रक्तातल्या त्या पांढऱ्या पेशी, ज्या बाकीच्या फौजेला हाक मारून उठवतात. हा विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो. शरीर रोज नव्या पेशी तयार करतं, काही आपल्या मरणाने मरतात, काहींना विषाणू संपवतो. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणली तरी पुरे: वरून पाणी पडतंय, खालचा नळ चालू आहे आणि मध्येच कुणीतरी बुडाला भोक पाडून ठेवलंय. टाकीत किती पाणी उरेल, हा माझा प्रश्न. औषध म्हणजे त्या भोकाला लावलेलं बूच. बूच लावलं की रेघ चढते, काढलं की उतरते.

सासरी नाशिकला कुणी विचारलं तर मी "रक्तावर काम करते" एवढंच सांगते. सासूबाई पुढे विचारत नाहीत, त्यांना वाटतं मी लॅबमध्ये आहे. एकदा एका नातेवाइकाला रोगाचं नाव सांगून बसले होते, तर त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला तो परत उचललाच नाही. जसा काही तो रोग माझ्या पाटीवरच्या खडूतून येतो.

नवऱ्याला ताप यायला लागला तेव्हा आम्ही दोघांनीही तो मनावर घेतला नाही. तो इथे एका बँकेच्या संगणक विभागात आहे. वर्षअखेरीचं काम, एसीतली बैठक, उशिराचं जेवण, ताप यायला कारणं भरपूर होती. संध्याकाळ झाली की कणकण सुरू, मग घामाने शर्ट भिजायचा, सकाळी साहेब पुन्हा टाय लावून तयार. पाठ दुखते म्हणायचा, सांधे दुखतात म्हणायचा. जवळच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरने सांध्यांसाठी काही गोळ्या दिल्या. त्यांनी आठवडाभर बरं वाटलं आणि मग ताप दुप्पट जोमाने आला. पँटला पट्टा लावताना त्याने नवीन भोक पाडलं तेव्हा मात्र मी चिडले. "वजन कमी करायचं होतं ना, झालं," असं तो हसून म्हणाला. त्या हसण्याचाच मला राग आला. मी त्याला दंडाला धरून मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथली डॉक्टर सुदानी होती, मोजकं आणि हळू बोलणारी. तिने बरंच रक्त काढायला लावलं. दोन-तीन दिवसांनी तिने आम्हाला दोघांनाही बोलावलं. दोघांनाही, हे मी फोनवर पुन्हा विचारून घेतलं.

"पांढऱ्या पेशी कमी आहेत," ती म्हणाली. "म्हणून आम्ही त्यातल्या एका जातीच्या पेशी वेगळ्या मोजायला सांगितल्या. त्याही कमी आल्या. एचआयव्हीची पहिली चाचणी स्पष्ट आलेली नाही. हो नाही आणि नाहीही नाही. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलाय. ताप कशाचा, त्याच्याही तपासण्या चालू आहेत. तोवर घाबरू नका."

त्या जातीच्या पेशी कोणत्या, हे तिने सांगायची गरज नव्हती. आकडा तीनशेच्याही खाली होता. मी आयुष्यभर हा आकडा पडद्यावर टाइप करत आले होते. पहिल्यांदाच तो दुसऱ्या कुणीतरी मला सांगितला, आणि तो आकडा माझ्या शेजारी खुर्चीवर बसला होता, मांडीवर गाडीची किल्ली फिरवत.

इथे राहणाऱ्याला पुढचं कुणी समजवावं लागत नाही. परक्या माणसाची ही चाचणी पक्की निघाली की इकामा खलास. राहण्याचा परवाना गेला म्हणजे नोकरी गेली, घर गेलं, लेकीची शाळा गेली. एक रोग आणि त्याच्या मागे तीन सुटकेसा. आमच्या दोघींचे इकामे त्याच्याच नावावर टांगलेले.

गाडीत बसल्यावर त्याने इंजिन चालू केलं, पण गाडी काढली नाही.

"यान्बूला असताना मी हिजामा करून घेतला होता," तो म्हणाला.

आम्ही दोघी इकडे यायच्या आधी तो यान्बूला, लाल समुद्राकाठी, एका कारखान्यात कामाला होता. चार जणांत एक खोली. हिजामा म्हणजे पाठीवर पेले चिकटवून, ब्लेडने बारीक चिरा देऊन रक्त काढणं. इथे पुष्कळ लोक करतात आणि परवाना असलेल्या जागी नीट स्वच्छ करतात. 

"कुठे केलास?"

"न्हाव्याकडे. त्याच्या दुकानामागे एक खोली होती. पाठ धरली होती गं, खोलीवरचे म्हणाले एकदा करून बघ."

"ब्लेड नवीन होतं?"

"मी पालथा पडलो होतो. मला काय दिसणार?"

"आवाज तरी? कागद फाडल्याचा?"

"टीव्ही चालू होता," तो म्हणाला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसला.

हिजामाच ना, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. की आणखी काही, जे तू आता हिजामाखाली झाकतोयस? मी तो गिळला. प्रेमाने वगैरे नाही. उत्तर वेगळं आलं असतं तर ते ऐकून घेण्याइतकी जागा त्या क्षणी माझ्यात नव्हती म्हणून. एका वेळी एकच भीती झेपते माणसाला.

आणि लगेच मनाने हिशेब सुरू केला, माझ्या परवानगीशिवाय. लेक यान्बूच्या आधीची, ती बाहेर. मी आत.

शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी लॅपटॉप उघडला. लेक तिच्या खोलीत अभ्यासाला बसली होती. नवरा हॉलमधल्या दिवाणावर पांघरूण घेऊन पडला होता, डोळे उघडे, छताकडे. खालून मशिदीतून परतणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मी जेवणाच्या टेबलावर, त्याच्याकडे पाठ करून बसले.

काय करणार आहे ते मला ठाऊक होतं. यान्बूचा हिजामा ही सुरुवात धरली. पेशी हजार धरल्या, नेहमीच्या सवयीने. विषाणू सोडले. रेघ उतरायला लागली, आजच्या दिवसापर्यंत आली आणि नवऱ्याच्या आकड्याच्या बरीच वरून निघून गेली. क्षणभर मला हायसं वाटलं. जमत नाही, म्हणजे हिजामा नाही, म्हणजे रोग नाही. मग माझ्यातली गणितज्ञ जागी झाली, मेली. संसर्गाचा वेग थोडा वाढवून बघ, म्हणाली. प्रत्येकात तो सारखा नसतोच. वाढवला. रेघ खाली सरकली. पेशी मरण्याचा दर जरा बदल. बदलला. आणि रेघ त्याच्या आकड्यातून गेली. अशी नेमकी गेली की जणू तो ठिपका तिच्यासाठीच काढून ठेवलेला होता.

दर सत्रात मी पहिल्या वर्षाच्या मुलींना फळ्यावर एक ठिपका काढून दाखवते आणि विचारते, यातून किती रेघा जातील? त्या हसतात. हव्या तितक्या, मिस. मग मी लांबलचक भाषण देते की एका मोजमापावर सिद्धान्त उभारणारा माणूस गणिती नव्हे, ज्योतिषी. ते भाषण मला पाठ आहे. त्या दुपारी त्यातला एक शब्द मला आठवला नाही. माझ्या हातात एकच ठिपका होता, फिरवायला दोन कळा होत्या आणि भीती होती. रेघ जमली नसती तरच नवल. पण जमली, आणि जमली म्हणून मला ते खरं वाटलं. अनोळखी डॉक्टर म्हणत होती घाबरू नका. माझं समीकरण म्हणत होतं घाबर. मी कुणावर विश्वास ठेवला असेल?

मग मी रेघ पुढे जाऊ दिली, आजच्या पुढे. ती कुठे जाते ते बघितलं. ते मी इथे लिहीत नाही.

मी पडद्यावर दुसरी खिडकी उघडली आणि त्याच आकड्यापासून, आजपासून, औषध सुरू केलं. भोकाला बूच. ही नवी रेघ आधी जरा थबकली आणि मग चढायला लागली. सावकाश, पण चढत गेली, पाचशेच्या वर गेली आणि तिथे शांत झाली. मी तिच्याकडे बघत राहिले. भारतात सरकारी दवाखान्यात या गोळ्या फुकट मिळतात, हे मला माहीत होतं. जायचं, नाशिकला जायचं, मी शिकवण्या घेईन, लोक काय म्हणायचं ते म्हणतील. माझं मन त्या रेघेला धरून नाशिकला पोचलंही होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"हा मी का?"

तो पांघरूण अंगावर तसंच घेऊन माझ्या मागे येऊन उभा होता. पडद्यावर डावीकडे त्याचा आकडा होता, तो त्याने ओळखला होता.

"हो," मी म्हटलं.

"वाढतायत पेशी."

"हो."

"म्हणजे तापामुळेच खाली गेल्या होत्या? आपोआप भरून येतील?"

मी काही बोलले नाही. खरंच, एक अक्षर बोलले नाही. मी फक्त हात मागे नेऊन, पडद्याकडे वाकलेल्या त्याच्या कपाळाला लावला, गरम आहे का बघायला. त्याने त्याचं उत्तर त्या हातातून घेतलं. "तू आधीच करायचं होतंस हे," असं म्हणून तो परत दिवाणावर जाऊन पडला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला गाढ झोप लागली. तोंड उघडं टाकून, चक्क घोरत.

हॉस्पिटलातून पुढचा फोन येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. तो निवांत आणि मी अशी. तो जेवताना लेकीला चिडवायचा, मी त्याच्या ताटाकडे बघायचे. एकत्र जेवल्याने, एका पेल्यातून प्यायल्याने हा रोग होत नाही, हे मी लोकांना ओरडून सांगत आलेय. तरी एका सकाळी बाथरूममध्ये मी त्याचं दाढीचं सामान उचलून वरच्या फळीवर ठेवलं, लेकीचा हात पोचणार नाही तिथे. टॉवेलही वेगळा करायला निघाले होते, मग आरशात माझं तोंड दिसलं आणि तो परत होता तिथे टांगला. माझीच मला लाज वाटली आणि भीती काही कमी झाली नाही. लाजेने भीती जात असती तर किती सोपं असतं.

"आई, व्हाय आर यू स्टेअरिंग अ‍ॅट बाबा?" लेकीने एकदा विचारलं.

"मराठीत विचार."

"बाबांकडे अशी का बघतेस?"

"केस पांढरे झालेत त्यांचे."

"दॅट्स ओल्ड न्यूज," ती म्हणाली आणि निघून गेली.

कॉलेजात शिकवताना फळ्यावर हजार हा आकडा लिहिला आणि पुढचं सुचेना. मुली वाट बघत होत्या. मी पाणी प्यायले आणि दुसरंच प्रकरण काढलं. माझा स्वतःचा दंड मी वर्गातल्या वर्गात दाबून बघत होते, जणू पेशी हाताला लागणार होत्या.

फोन आला तो मी घेतला, कारण नवरा आंघोळीला गेला होता. सुदानी डॉक्टर नेहमीसारखीच हळू बोलत होती. एचआयव्ही नाही, नक्की नाही. आणि तापाचा जंतू सापडला आहे. "त्यांनी इतक्यात कच्चं दूध प्यायलं होतं का?"

प्यायलं होतं ना. शहराबाहेर त्याच्या एका सौदी सहकाऱ्याच्या शेतावर बँकेतले सगळे गेले होते. तिथे सांडणीचं ताजं दूध, धारोष्ण, फेसासकट, वाडग्यातून. मोठेपणाने फोटोही पाठवला होता आमच्या घरच्या ग्रुपवर, ओठावर फेसाच्या मिशा. सासूबाईंनी त्याखाली नमस्काराचे हात टाकले होते. इथे ज्याला माल्टा ताप म्हणतात तो अशा कच्च्या दुधातून येतो. पेशी कमी होण्याचं कारण हा ताप आणि वर क्लिनिकमधल्या त्या सांध्यांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या, दोन्ही मिळून. पहिली चाचणी अशा तापात कधीकधी अशी घोटाळ्याची येते. दोन औषधं, काही आठवडे, आणि माणूस बरा.

मी "शुक्रन, शुक्रन" म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर किचनच्या फरशीवर बसले. माझ्या समीकरणात ताप नव्हताच. पेशी मरतात त्या विषाणूनेच, असं मी पहिल्याच ओळीत गृहीत धरलं होतं, इतक्या वर्षांपूर्वी की आपण ते गृहीत धरलंय हेही विसरले होते. मी त्यात कुठलाही माणूस घातला असता तरी तो एचआयव्हीनेच मेला असता. सांडणीच्या दुधाला माझ्या गणितात जागा नव्हती.

आंघोळ करून आल्यावर त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मला माहीतच होतं. तूच तर दाखवलं होतंस."

मी त्याला दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं. पण तो केस पुसत पुसत शीळ घालत होता, आणि आता काय फरक पडतो, असं मला वाटलं.

आम्ही राहतो त्या अल मलाझ भागात, मागच्या गल्लीत, एका कोकणी माणसाची खानावळ आहे. रायगडातल्या किनाऱ्यावरचा माणूस, आम्ही त्यांना भाई म्हणतो, ते मला वयनी म्हणतात. तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण खायचं असेल तर सबंध रियाधमध्ये मी दुसरीकडे कुठे जाणार नाही. ताप उतरल्यावर नवऱ्याने पहिलं जेवण तिथे केलं आणि जेवता जेवता भाईंना सगळी कथा ऐकवली. हॉस्पिटलने किती दिवस टांगून ठेवलं, आणि त्याच्या बायकोने जेवणाच्या टेबलावर बसून अर्ध्या तासात सांगितलं होतं की पेशी चढणार. रेघ दाखवली रेघ, अशी वर! त्याने हवेत हात फिरवून दाखवला. भाई माझ्याकडे बघून म्हणाले, "वयनी, तुमी तर डाक्टरच्या वर." मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. नवऱ्याला टेबलाखालून लाथ मारायला हवी होती, पण तो इतक्या दिवसांनी चवीने जेवत होता.

मग उन्हाळा आला आणि एका शुक्रवारी दुपारी दाराची बेल वाजली. भाई होते. एरवी ते कधी रिकाम्या हाताने येत नाहीत, डब्यात काहीतरी तळलेलं असतंच. त्या दिवशी हातात फक्त मोबाइल होता. सोफ्याच्या अगदी कडेवर टेकले. पुढे ठेवलेल्या पाण्याला त्यांनी हात लावला नाही. मला आधी वाटलं घरी कुणी गेलं असेल.

खानावळीत काम करणाऱ्याला इथे दर वर्षी रक्त तपासून आरोग्याचं कार्ड नवं करून घ्यावं लागतं. भाई बऱ्याच वर्षांपासून करत आलेले. या वेळी पुन्हा बोलावलं. मग तिसऱ्यांदा, मोठ्या हॉस्पिटलात.

"पक्कं निघालंय, वयनी," ते म्हणाले. "ज्याच्या व्हिसावर आहे त्या कफीलला कळलंय. मानूस भला आहे, तोंडावर काय बोलला नाय. तिकीट काढून देतो म्हनाला. खलास." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "कुठून आलं ते मला नका विचारू."

"नाही विचारत," मी म्हटलं.

नवरा त्यांच्याशेजारी बसला होता. त्याने भाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही, हे मी बघितलं आणि मला तो आवडला.

"घरी अजून सांगितलं नाय. काय तोंड घेऊन जाऊ? बायकोला पन तपासायला सांगायला लागेल." भाईंनी खाकरलं आणि माझ्याकडे बघितलं. "सायबांना काढून दिलीत ना रेघ, चढनारी. तशी मला एक काढून द्या. तुमची रेघ खोटी नाय निघाली."

मी पाण्याचा पेला त्यांच्याजवळ सरकवला. 

"दे ना काढून," नवरा म्हणाला. त्याच्या बोलण्यात काळजी होती आणि थोडा अभिमानही होता. "बघ ना, भाईंचं काय म्हणतंय."

मी लॅपटॉप आणला, कारण न आणता काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. भाईंच्या मोबाइलवर हॉस्पिटलचा अहवाल होता, त्यात पेशींचा आकडा होता, दोनशेच्या आतला. मी तो टाइप केला. दोनदा चुकला. उतरत्या रेघेची खिडकी मी उघडलीच नाही. बूच लावलं आणि कळ दाबली. रेघ थबकली आणि चढू लागली.

भाई सोफ्यावरून उठून टेबलाशी आले आणि पडद्यावर वाकले.

"ही मी?"

"हो. पण नीट ऐका, भाई. ही रेघ आपोआप चढत नाही. या रोगाच्या गोळ्या असतात. घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात जायचं. तिथे फुकट मिळतात. रोज घ्यायच्या, जन्मभर, बरं वाटलं तरी. घेतल्या तर ही रेघ तुमची. माणसं म्हातारी होईपर्यंत जगतात या गोळ्यांवर, नातवंडं खेळवतात. बायकोचीही तपासणी लगेच करा. सोडल्या, तर मग ही रेघ नाही. आणि माझी रेघ म्हणजे अंदाज आहे, खरं काय ते तिथले डॉक्टर रक्त बघून सांगतील."

भाईंनी पडद्यावरच्या रेघेवरून बोट वर नेलं. मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली.

"पन सायबांना तर रोग नव्हता," ते म्हणाले. "गोळ्या नव्हत्या. मग त्यांची कशी चढली?"

माझ्या मागे नवरा येऊन उभा होता. त्याचं अंग कसं ताठलं ते मला पाठीला कळलं.

खोटं बोलायला जागा होती. तापाची रेघ वेगळी असते, असं काहीतरी सांगितलं असतं तर दोघांनीही मान डोलावली असती. पण भाईंना आता ही रेघ धरूनच विमानात बसायचं होतं. तिच्यात एक जरी शब्द खोटा निघाला असता तर त्या माणसाने गोळ्यांवर तरी का विश्वास ठेवावा?

"त्यांचीही मी गोळ्या धरूनच काढली होती," मी म्हटलं.

आतल्या खोलीत लेकीचा कसलातरी व्हिडिओ चालू होता, तेवढाच आवाज. मग भाईंनी मोबाइल वर धरला आणि पडद्यावरच्या रेघेचा फोटो काढला. नीट आला का बघितला, पुन्हा एक काढला. पुढ्यातलं पाणी उभ्याने पिऊन टाकलं.

"लई उपकार," म्हणाले, आणि नवऱ्याकडे वळून, "सायब, वयनीला जपा."

नवरा त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेला. खूप वेळ लागला त्याला. बहुतेक खाली रस्त्यापर्यंत गेला असावा. मी टेबलाशीच बसून राहिले. दार लावून तो आत आला आणि सोफ्याच्या कडेवर टेकला, मघाशी भाई बसले होते तिथेच.

"त्या दुपारी मी ती रेघ बघून झोपलो," तो म्हणाला.

"हो."

"आणि तुला वाटत होतं की मला..."

"वाटत नव्हतं. खात्री होती."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग हात काढले.

"मी झोपल्यावर तू काय करत होतीस?"

"पहिली रेघ पुन्हा उघडली होती," मी म्हटलं. "तू जागा होईपर्यंत तीच बघत बसले होते, गोळ्या नसलेली."